गाडी थांबली, वाट उरली

नेसरीकडून आंबोलीला जाताना एसटी चढ चढते, उतार उतरते, वळणं घेते. त्या रस्त्यावर रूळ टाकून आगगाडी सोडली तर? चाकं जागच्या जागी गरगरतील!

का? पोलादी चाक पोलादी रुळाला टेकतं ते जेमतेम करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर. घर्षण इतकं कमी, म्हणून एक इंजिन शेकडो टन माल ओढतं. आणि त्याच कारणानं ते चढाला हरतं. बोरघाटात 37 मीटर गेल्यावर गाडी फक्त 1 मीटर वर येते, तरी तिला ढकलायला मागे जादा इंजिनं लावतात.

आता हे पाहा. व्हीलचेअरच्या रॅम्पला 12 मीटरला 1 मीटर चढ चालतो. म्हणजे इंजिनाला धाप लावणारा बोरघाट त्या रॅम्पपेक्षा तिपटीनं सौम्य!

या नाजूक गाडीसाठी माणसानं डोंगर फोडले, भराव घातले, शहरांत कमानींचे पूल बांधले. मग गाडी बंद पडली की काय उरतं? भर वस्तीतून जाणारी सलग, सपाट वाट. आजोबांना झेपेल, बाबागाडीलाही चालेल अशी. आज अशी पट्टी नव्यानं मिळवायची म्हटलं तर किती घरं पाडावी लागतील!

पॅरिसमध्ये 1859 साली सुरू झालेला बास्तीयचा लोहमार्ग 1969 मध्ये थांबला. पुढं त्याच्या पुलावर बाग फुलली. आणि खाली? कमान सगळा भार दोन्ही बाजूंच्या खांबांवर सोपवते, मधली पोकळी मोकळीच राहते. त्या पोकळ्यांत आज कारागिरांच्या कार्यशाळा आहेत.

न्यूयॉर्कमध्ये तर माळी आधी निसर्गच झाला. तिथल्या उंचावरच्या मार्गावरून 1980 मध्ये शेवटची मालगाडी गेली. मग रुळांच्या खडीत वाऱ्यानं, पाखरांनी आणलेलं बी रुजलं, रानच माजलं. 2009 मध्ये ‘हाय लाइन’ उद्यान उघडलं, तेव्हा लागवडीला प्रेरणा त्याच रानाची होती.

आपल्याकडं नागपूरच्या मोतीबागेत 2002 मध्ये नॅरोगेज संग्रहालय झालं. एकमेकांपासून अवघ्या 762 मिलिमीटर अंतरावरच्या रुळांवर धावलेली इंजिनं तिथं जवळून पाहता येतात. इंजिनं जपली, तशा वाटाही जपायला हव्यात. रूळ निघाले तरी बिघडत नाही. पण जमिनीचे तुकडे करून विकले, तर पिढ्यांच्या मेहनतीनं सलग झालेली वाट कितीही पैसे ओतून पुन्हा जोडता येणार नाही.