एकसंध जलतरण पोशाख

एकसंध जलतरण पोशाख म्हणजे धड झाकणारा, वरचा व खालचा भाग सलग असलेला पोहण्याचा पोशाख होय. बाजारात त्याला 'वन-पीस स्विमसूट' असे म्हणतात. महाराष्ट्रातील तरण तलावांवर तो बहुधा नुसत्या 'कॉस्च्युम' या नावाने ओळखला जातो. आज हा पोशाख मुख्यतः स्त्रियांचा समजला जातो. तथापि, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य देशांतील पुरुषही खांद्यांवर पट्टे असलेला असाच सलग पोशाख घालून पोहत असत. पुरुषांनी उघड्या अंगाने पोहण्यास तेथे सर्वत्र मान्यता मिळाली ती १९३० च्या दशकात.

या पोशाखाच्या प्रकारांची नावे कोणत्याही एका तत्त्वावर बेतलेली नाहीत. काही नावे पोहण्याच्या जागेवरून पडली, काही कापावरून, काही जाहिरातींतून रूढ झाली, तर एक संपूर्ण नाममालिका चुकीच्या व्युत्पत्तीतून निर्माण झाली. त्यामुळे एकच नाव दोन भाषांत दोन निरनिराळ्या वस्तूंना लावलेले आढळते.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात युरोप व अमेरिकेतील स्त्रिया समुद्रस्नानाला जाताना लोकरीचा किंवा फ्लॅनेलचा झगा, त्याखाली विजार आणि पुष्कळदा पायमोजेही घालीत. हा पोशाख पाण्यात उतरण्यासाठी होता, पोहण्यासाठी नव्हता. भिजल्यावर त्याचे वजन इतके वाढे की हातपाय मारणे कठीण होई. जड कपडे आणि पोहता न येणे या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होते, हे १५ जून १९०४ रोजी न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये दिसले. त्या दिवशी 'जनरल स्लोकम' या आगबोटीला आग लागून एक हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. स्त्रियांना पोहणे शिकवावे या मागणीला या दुर्घटनेनंतर बळ मिळाले, आणि पोहायचे तर कोणत्या कपड्यांत, हा प्रश्न तिच्यासोबतच आला.

ऑस्ट्रेलियन जलतरणपटू ॲनेट केलरमन (१८८६–१९७५) हिचे नाव या प्रश्नाशी कायमचे जोडले गेले आहे. इंग्लंडच्या राजघराण्यातील व्यक्तींसमोर प्रात्यक्षिक करताना उघडे पाय चालणार नाहीत असे सांगितले गेल्यावर तिने मुलांच्या शर्यतीच्या पोशाखाला काळे लांब मोजे शिवून घेतले आणि मानेपासून पावलांपर्यंत सलग असा पोशाख तयार केला. बोस्टनजवळच्या रिव्हिअर येथील किनाऱ्यावर १९०७ च्या सुमारास अशाच पोशाखाबद्दल आपल्याला अटक झाली, असे ती पुढे सांगत असे. ही कथा बहुतेक सर्व पुस्तकांत येते, परंतु तिला असलेला समकालीन आधार दुबळा आहे. स्नानाच्या जड कपड्यांत पोहणे धोक्याचे आहे, हा तिचा मूळ युक्तिवाद मात्र अटकेच्या कथेवर अवलंबून नाही.

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या जलतरण स्पर्धा प्रथमच झाल्या. १०० मीटर मुक्तशैलीत ऑस्ट्रेलियाच्या फॅनी ड्युरॅक व मिना वायली यांनी अनुक्रमे सुवर्ण व रौप्यपदक मिळवले. पुरुष प्रेक्षक असलेल्या स्पर्धांत स्त्रियांनी उतरू नये असा न्यू साउथ वेल्समधील महिला जलतरण संघटनेचा नियम होता. तो बदलावा लागला, तेव्हाच या दोघींना स्वीडनला जाता आले. संघटनेच्या अध्यक्षा रोझ स्कॉट या स्त्रीहक्कांच्या आघाडीच्या पुरस्कर्त्या होत्या, आणि तरीही या बदलाला त्यांचाच विरोध होता. पोशाखाच्या वादात पुरोगामी आणि सनातनी अशी सरळ विभागणी करता येत नाही, याचे हे ठळक उदाहरण होय.

किनाऱ्यांवरील निर्बंध त्यानंतरही चालूच राहिले. १९२२ साली वॉशिंग्टन येथील सार्वजनिक स्नानकिनाऱ्यावर एक अधिकारी गुडघ्यापासून पोशाखाच्या काठापर्यंतचे अंतर फीत लावून मोजत असल्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. तेथे सहा इंचांची मर्यादा होती.

'स्नान' आणि 'पोहणे' हा भेद नावांतही उतरला. इंग्रजीत या पोशाखाला आधी स्नानाचा पोशाख म्हणत. ओरेगॉनमधील पोर्टलंड शहरात लोकरी विणकाम करणाऱ्या जँट्झन या कंपनीने १९२० च्या दशकात आपल्या जाहिरातींत पोहण्याच्या पोशाखावर मुद्दाम भर दिला. स्नानाचे रूपांतर पोहण्यात आपल्या पोशाखाने केले, असा तिचा दावा होता. जाहिरातीतली अतिशयोक्ती बाजूला ठेवली, तरी 'स्विमसूट' हा शब्द रुळण्याला अशा प्रचाराचा हातभार लागला, हे मान्य करावे लागते.

नावांचा उगम

टँक सूट: रुंद पट्टे, गोल गळा आणि साधी पाठ असलेला हा सर्वांत सरळ प्रकार. पोहण्याच्या हौदाला इंग्रजीत 'टँक' म्हणत. हौदात घालायचा तो टँक सूट. पुढे त्याच्या वरच्या अर्ध्या भागासारखा दिसणारा बिनबाह्यांचा सदरा 'टँक टॉप' या नावाने प्रचलित झाला. इंग्रजीतील 'टँक' शब्दाचे मूळ अनेक कोशकार पश्चिम भारतात शोधतात. मराठीतील 'टाके' व त्याचा गुजराती सगोत्र शब्द जलाशयाच्या अर्थाने सतराव्या शतकात इंग्रजांच्या कानी पडला आणि त्याच अर्थाच्या 'तांके' या पोर्तुगीज शब्दाशी तो मिसळला, असे मानले जाते. सह्याद्रीतील किल्ल्यांवर खडकात खोदलेल्या पाण्याच्या साठ्यांना आजही टाकेच म्हणतात. हे अनुमान ग्राह्य धरल्यास टँक टॉपच्या नावात गडावरच्या टाक्याचाही अंश आहे.

मायो: हा शब्द फ्रेंच आहे. त्याचा जुना अर्थ बाळाला गुंडाळण्याचे बाळोते असा होता. पुढे अंगाला घट्ट बसणाऱ्या विणलेल्या कपड्याला, म्हणजे नर्तकांच्या व कसरतपटूंच्या पोशाखाला, तो लावला जाऊ लागला. फ्रान्समधील सायकल शर्यतीत आघाडीवर असलेल्या स्पर्धकाची पिवळी जर्सी हीसुद्धा मायोच. फ्रेंचमध्ये 'स्नानाचा मायो' म्हटले की पोहण्याचा कोणताही पोशाख अभिप्रेत असतो, मग तो एक भागाचा असो वा दोन, स्त्रीचा असो वा पुरुषाचा. अमेरिकन फॅशनच्या भाषेत मात्र 'मायो' म्हणजे केवळ स्त्रियांचा अंगासरशी बसणारा एकसंध पोशाख. त्यामुळे भाषांतरात या शब्दावर हमखास घोटाळा होतो.

याच शब्दाशी 'लिओटार्ड' या नावाचा संबंध येतो. झ्यूल लेओतार (१८३८–१८७०) हा फ्रेंच झोपाळापटू. कसरतीसाठी त्याने लोकप्रिय केलेल्या घट्ट पोशाखाला तो स्वतः मायोच म्हणत असे; त्याचे आडनाव त्या पोशाखाला पुढे चिकटले. जिम्नॅस्टिक्समधील लिओटार्ड आणि एकसंध जलतरण पोशाख यांचा काप जवळजवळ एक असला, तरी कापड व शिवण भिन्न असल्यामुळे ते एकमेकांऐवजी वापरता येत नाहीत.

मोनोकिनी: फ्रेंच अभियंता लुई रेआर याने ५ जुलै १९४६ रोजी पॅरिसमध्ये दोन भागांचा तोकडा पोशाख सादर केला. चारच दिवस आधी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी या कंकणद्वीपावर अणुचाचणी केली होती. तेच नाव रेआरने उचलले. मार्शल बेटांवरील भाषेतल्या या स्थलनामात 'बि' म्हणजे दोन असा काही अर्थ नाही. तरीही लॅटिनमधील द्वित्वदर्शक उपसर्गाशी त्याचे साम्य पाहून लोकांनी शब्द मधोमध तोडला आणि 'किनी' हा जणू स्वतंत्र प्रत्यय होऊन बसला. १९६४ साली अमेरिकन वेशरचनाकार रूडी गर्नराइख याने छाती उघडी ठेवणारा, फक्त खालचा भाग व दोन अरुंद पट्टे असलेला पोशाख काढला आणि त्याला 'मोनोकिनी' म्हटले. एक भाग उणा केला म्हणून एकवाचक उपसर्ग, असे हे गणित होते. आज दुकानांत हे नाव बहुतेक वेळा वेगळ्याच वस्तूला दिलेले असते. कंबरेच्या दोन्ही बाजूंना कापड कापून काढलेला, पाठीमागून दोन भागांचा वाटणारा, परंतु छाती पूर्ण झाकणारा एकसंध पोशाख म्हणजे आजची मोनोकिनी. नाव टिकले आणि अर्थ जवळजवळ उलटा झाला.

'टँकिनी' व 'बुर्किनी' ही याच मालिकेतील नावे असली, तरी हे दोन्ही पोशाख एकसंध नाहीत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या टँकिनीत टँक टॉप आणि स्वतंत्र खालचा भाग असतो. बुर्किनी सिडनीतील अहेदा झनेट्टी यांनी २००४ साली तयार केली. तीत लांब अंगरखा, विजार व डोके झाकणारी टोपी असते. फ्रान्समधील काही किनारी नगरांनी २०१६ साली तिच्यावर बंदी घातली, आणि त्यांपैकी एका नगराची बंदी तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २६ ऑगस्ट २०१६ रोजी स्थगित केली. वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर पोशाख आखूड म्हणून मोजला जात होता. येथे तो फार झाकतो हा आक्षेप होता.

ऑस्ट्रेलियात नावे प्रांतानुसार बदलतात. व्हिक्टोरियात 'बेदर्स', क्वीन्सलंडमध्ये 'टॉग्ज', तर न्यू साउथ वेल्समध्ये 'स्विमर्स' किंवा 'कॉसी' असे म्हणतात. 'कॉसी' हे 'कॉस्च्युम'चेच लाडके रूप.

कापानुसार प्रकार

कापाची नावे पोशाखाच्या ज्या भागावरून पडतात, तो भाग लक्षात घेतल्यास गोंधळ बराच कमी होतो. गळा व खांदा यांवरून पडलेल्या नावांत मानेमागे पट्टा बांधलेला हॉल्टर, पट्ट्यांशिवाय छातीभोवती आडवा बसणारा बँडो, एकाच खांद्यावर पट्टा असलेला वन-शोल्डर आणि खोल गळ्याचा प्लंज हे मुख्य होत. मांडीवरून 'हाय-कट' हे नाव येते. त्यात पायाची कड कंबरेच्या हाडापर्यंत वर चढवलेली असते, आणि ही पद्धत १९८० च्या दशकात फार चालली. उलट, कड मांडीवर खाली आणली की त्याला 'लेगसूट' म्हणतात, आणि ती गुडघ्यापर्यंत नेल्यास 'नीस्किन'. कंबरेला झालर किंवा घेर जोडलेला 'स्विम ड्रेस' भारतात फ्रॉक पद्धतीचा कॉस्च्युम म्हणून विकला जातो.

पाठीच्या कापाचा संबंध थेट वेगाशी आहे. सिडनीतील स्पीडो या कंपनीने १९२० च्या दशकाच्या अखेरीस 'रेसरबॅक' हा काप पुढे आणला. त्यात दोन्ही पट्टे पाठीच्या मध्यावर एकत्र येतात, त्यामुळे खांद्याची पाती मोकळी राहतात आणि पट्टा घसरत नाही. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाची १६ वर्षांची क्लेअर डेनिस असा पोशाख घालून उतरली, तेव्हा खांद्याची पाती फार उघडी दिसतात या कारणावरून तिला बाद करण्याची वेळ आली होती. आक्षेप टिकला नाही, आणि तिने २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचे सुवर्णपदक जिंकले. आज शालेय स्पर्धांतही सर्रास दिसणारा काप तो हाच.

कापड

लोकर पाणी शोषते, ताणते आणि सैल पडते. शर्यतीसाठी म्हणून रेशीम वापरले जाई. ते हलके असले तरी भिजल्यावर अंगाला चिकटून पारदर्शक होई. १९३० च्या दशकात रबराच्या गाभ्याभोवती सूत गुंडाळलेला लास्टेक्स धागा आला आणि पोशाख अंगासरशी बसू लागला. त्यानंतर नायलॉन आणि १९५८ साली शोधलेला, लायक्रा या व्यापारी नावाने परिचित असलेला ताणक्षम धागा यांनी लोकरीला कायमची रजा दिली. या धाग्याचा शत्रू म्हणजे क्लोरीन. नियमित सरावाच्या पोशाखात म्हणूनच पॉलिएस्टरचा भाग अधिक ठेवतात; तो कमी ताणला जातो, पण अधिक टिकतो. सुती कपडे घालून तलावात उतरू न देण्यामागेही, शिस्तीखेरीज, सुताचे तंतू गाळणयंत्रात अडकतात हे व्यावहारिक कारण आहे.

शर्यतीचे नियम

२००८ साली स्पीडोने 'एलझेडआर रेसर' हा पोशाख आणला. त्याच्या रचनेसाठी अमेरिकेच्या नासा या संस्थेची मदत घेण्यात आली होती. शिवणीऐवजी जोड वितळवून सांधलेले होते आणि काही भागांवर पॉलियुरेथेनचे पट्टे बसवले होते. शरीर आवळले जाऊन पाण्याचा अवरोध कमी होई. पुढच्याच वर्षी इतर कंपन्यांनी संपूर्ण पॉलियुरेथेनचे पोशाख काढले, आणि २००९ च्या रोम येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले. विक्रम पोहणाऱ्याचा की पोशाखाचा, हा प्रश्न तेव्हा टाळता येण्याजोगा राहिला नाही.

आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाने १ जानेवारी २०१० पासून फक्त विणलेले कापड ग्राह्य ठरवले आणि चेन लावण्यास मनाई केली. तलावातील शर्यतींत पुरुषांचा पोशाख बेंबीच्या वर व गुडघ्याच्या खाली जाऊ नये, स्त्रियांचा मान झाकणारा, खांद्यांपलीकडे जाणारा किंवा गुडघ्याखाली उतरणारा नसावा, असे ठरले. पुरुषांचा एकसंध पोशाख तलावातील शर्यतींतून याच नियमाने बाद झाला. या नियमांत टँक, मायो असे नाव कोठेही येत नाही; शरीराच्या खुणा आणि कापडाचे मोजमाप एवढ्यावरच काम भागते. त्या काळात झालेले काही विक्रम मात्र रद्द केले गेले नाहीत, आणि ते दशकाहून अधिक काळ टिकले.

भारतात

मराठी प्रेक्षकांच्या स्मरणात हा पोशाख चित्रपटामुळे राहिला. मास्टर विनायक दिग्दर्शित आणि आचार्य अत्रे लिखित 'ब्रह्मचारी' (१९३८) या चित्रपटातील एका गाण्यात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसल्या आणि त्यावर मोठी खळबळ उडाली. १९६७ च्या 'ॲन इव्हनिंग इन पॅरिस' या हिंदी चित्रपटात शर्मिला टागोर यांनी एकसंध पोशाख घातला होता. लिहिण्या-बोलण्यात त्याचा उल्लेख पुष्कळदा बिकिनी असा होतो, तो चुकीचा आहे. बिकिनीतील त्यांचे गाजलेले छायाचित्र १९६६ च्या 'फिल्मफेअर'च्या मुखपृष्ठावरील असून त्याचा या चित्रपटाशी संबंध नाही.

क्रीडाक्षेत्रात १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये डॉली नाझिर आणि आरती साहा या दोन भारतीय जलतरणपटू उतरल्या. आरती साहा यांनी २९ सप्टेंबर १९५९ रोजी इंग्लिश खाडी पोहून पार केली; असे करणाऱ्या त्या पहिल्या आशियाई महिला ठरल्या. खाडी पोहण्याच्या रूढ नियमांनुसार शरीराची ऊब राखणारा किंवा तरंगण्यास मदत करणारा पोशाख चालत नाही. बाह्या व पाय नसलेला साधा पोशाख, टोपी आणि चष्मा एवढ्यावरच ते थंड पाणी कापावे लागते.