दातांना तार बसवल्यावर ओठ फुटतायत, सोलवटतायत? तार काढायची घाई नको. आधी दुखणं आतलं की बाहेरचं ते पाहा

तालुक्याच्या गावी आता दातांचे दवाखाने झाले आहेत आणि शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींच्या दातांवर तारा दिसू लागल्या आहेत. कुणी तिला तार म्हणतं, कुणी क्लिप, डॉक्टर ब्रेसेस म्हणतात. पोराचे दात सरळ व्हावेत म्हणून घरच्यांनी पैशांची जुळवाजुळव करून ती बसवलेली असते. पण पहिल्याच आठवड्यात पोरगं जेवायला बसलं की रडकुंडीला येतं. ओठ आतून सोललेला, बाहेरून फुटलेला. त्यात थंडीचे दिवस असले की आणखी हाल. मग घरात एकच सूर निघतो, ‘नको ते, काढून टाका तार.’

इथेच नुकसान होतं. तारेचा उपचार साधारण दीड ते दोन वर्षं चालतो. मध्येच तार काढली तर सरकलेले दात पुन्हा मागे फिरू शकतात. पैसा जातो, महिन्या-दीड महिन्याला मारलेल्या तालुक्याच्या फेऱ्या जातात, त्या दिवसांची बुडालेली मजुरीही जाते. खरं तर ओठांचं हे दुखणं बहुतेक वेळा घरीच आटोक्यात येतं. फक्त ते नेमकं कुठलं आहे, ते आधी ओळखायला हवं.

दुखणी दोन, औषधं वेगळी

मुलाला उजेडात बसवून ओठ हलकेच उलटून बघावा. ओठाच्या आतल्या ओल्या भागावर लालसर ओरखडा, सोललेली कातडी किंवा पांढरट फोड दिसत असेल, तर ते तार घासल्यामुळे झालं आहे. ओठ बाहेरून कोरडा, चिरलेला, पापुद्रे निघालेला असेल, तर ते ओलावा उडाल्यामुळे झालं आहे. बऱ्याच मुलांना दोन्ही एकदम होतं.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. मिठाचं पाणी आतल्या जखमेला बरं, पण बाहेरच्या फुटलेल्या ओठाला ते झोंबतं आणि आणखी कोरडं करतं. व्हॅसलीन बाहेरून उत्तम, पण आतल्या ओल्या जागेवर ते टिकतच नाही.

आतून सोललं असेल तर

दातावर चिकटवलेल्या धातूच्या छोट्या चौकोनी तुकड्याला ब्रॅकेट म्हणतात. बोलताना, खाताना ओठ त्यावर घासतो. नव्या चपलेने पाय सोलतो, तसंच हे. पहिले एक-दोन आठवडे त्रास जास्त असतो, नंतर आतली कातडी सरावते. तोवर पुढील उपाय करावेत.

मेण लावावं : तारेवर लावायचं खास मेण दातांच्या डॉक्टरांकडे किंवा मोठ्या मेडिकलमध्ये मिळतं. मेणबत्तीचं मेण वापरू नये. हात धुऊन मेणाची वाटाण्याएवढी गोळी बोटांत मळून मऊ करावी. टोचणारं ब्रॅकेट स्वच्छ कापसाने कोरडं करावं आणि गोळी त्यावर दाबून बसवावी. ब्रॅकेट ओलं राहिलं तर मेण लगेच निघतं. ‘मेण राहातच नाही’ अशी तक्रार बहुतेक यामुळेच असते. ब्रश करण्याआधी मेण काढावं, नंतर नवं लावावं. चुकून थोडं गिळलं गेलं तर घाबरायचं कारण नाही.

गुळण्या कराव्यात : पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून दिवसातून तीन-चार वेळा चूळ भरावी. झाल्यावर ओठ साध्या पाण्याने पुसून घ्यावेत.

तारेचं टोक टोचत असेल तर : स्वच्छ कानकाडीच्या कापसाच्या टोकाने ते हलकेच दाताकडे दाबून पाहावं आणि वर मेण लावावं. नाही जमलं तर डॉक्टरांना फोन करावा. पक्कड, नेलकटर घेऊन घरी तार कापायला जाऊ नये. कापलेला तुकडा गिळला जाऊ शकतो किंवा श्वासनलिकेत जाऊ शकतो.

मेडिकलमधून तोंड आल्यावरचं जेल आणताना दुकानदाराला मुलाचं वय सांगावं. काही जेलमध्ये कोलीन सॅलिसिलेट असतं. ते १६ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा सल्ला दिला जातो. तंबाखूची मिश्री लावून दुखणं थांबवायची सवय काही घरांत असते. ती मुलांना बिलकूल लावू नये. तंबाखू जखमेला वाईटच आणि त्याची सवय त्याहून वाईट.

बाहेरून फुटले असतील तर

तार बसल्यावर ओठांना पुढून उंचवटा येतो. ओठ मिटायला जोर लागतो, म्हणून झोपेत तोंड उघडं राहतं. रात्रभर तोंडाने श्वास घेतला की ओठ सुकतात. त्यात मुलं सारखी जीभ फिरवतात. जिभेने ओठ ओले होतात ते क्षणभरच. थुंकी वाळताना ओठांतला ओलावाही घेऊन जाते आणि ओठ आधीपेक्षा जास्त कोरडे पडतात. म्हणजे ओठ जितके चाटावेत तितके फुटतात.

यावर महागडं काही लागत नाही. साधं, बिनवासाचं व्हॅसलीन किंवा घरचं साजूक तूप पुरतं. ओठ पाण्याने पुसून किंचित ओले असतानाच त्यावर पातळ थर द्यावा, म्हणजे ओलावा आत टिकतो. सकाळी, जेवणानंतर आणि झोपताना लावावं. झोपतानाचा थर थोडा जाड असावा. कोकणात कोकमाच्या बियांचं घट्ट तेल फुटलेल्या टाचांना आणि ओठांना लावतात, तेही चालतं. मात्र तारेला रबर लावले असतील तर तूप-तेल त्यांना लागू देऊ नये. तेलकटपणाने रबर कमजोर होतं.

लिंबू, तुरटी, टूथपेस्ट, बाम यातलं काहीही फुटलेल्या ओठाला लावू नये. कापूर, पुदिना किंवा दालचिनी घातलेले लिप बाम लावताना गार किंवा चुरचुरीत वाटतात, पण फुटलेल्या ओठाला ते झोंबतात. पापुद्रे ओढून काढू नयेत, रक्त येतं आणि जखम वाढते. ब्रश झाल्यावर ओठांवरची पेस्ट नीट धुवावी. पेस्ट फार झोंबत असेल तर कमी फेसाची, सौम्य पेस्ट डॉक्टरांना विचारून घ्यावी.

दिवसभर थोडं थोडं पाणी प्यावं. शाळेत जाताना बाटली द्यावी. उन्हात, वाऱ्यात गाडीवर जाताना तोंडाला रुमाल बांधावा. मूल कायमच तोंडाने श्वास घेत असेल, घोरत असेल, नाक चोंदलेलं राहत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावं. नाक मोकळं झाल्याशिवाय ओठ बरे राहणार नाहीत.

आणखी एक सोपी गोष्ट. तार घट्ट करायला जाताना दवाखान्यात शिरण्याआधी ओठांना व्हॅसलीन लावावं. तिथे बराच वेळ ओठ ताणून धरतात आणि सुकलेला ओठ तेव्हाच चिरतो.

ओठांचे कोपरे चिरले तर

तोंड उघडताना दोन्ही कोपऱ्यांत भेग पडते, लाल होतं, कधी पिवळसर खपली धरते. कोपऱ्यात थुंकी साचून राहिली की तिथे बुरशी किंवा जंतू वाढतात. अंगात लोह किंवा ब जीवनसत्त्व कमी असलं तरी असं होतं. नुसत्या व्हॅसलीनने ते आठवडाभरात बसलं नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावं. मलम कोणतं ते डॉक्टर ठरवतील. मूल फिकट दिसत असेल, लवकर दमत असेल तर रक्ताची तपासणीही करून घ्यावी.

खोट्या दागिन्यांनी खाज येते का?

तारेच्या धातूत निकेल असतं. खोटे कानातले घातल्यावर कान लाल होणं, पाणी सुटणं हा त्रास बहुतेक निकेलचाच असतो. अशा सगळ्यांना तारेने त्रास होतोच असं नाही, पण तार बसवण्याआधीच ही गोष्ट डॉक्टरांना सांगावी. तार बसल्यावर ओठ सुजले, सारखी खाज आली, तोंडाभोवती पुरळ उठलं तर थांबू नये. निकेल नसलेले पर्याय मिळतात.

ताटात काय असावं?

तार बसल्यावर आणि घट्ट केल्यावर दोन-तीन दिवस मऊ खाणं द्यावं. मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी, शिरा, केळी, ताक. ठेचा, लोणचं, चिंच, कैरी जखम भरेपर्यंत बंद. ऊस दाताने सोलणं, कणीस दाताने खाणं, चिक्की, फुटाणे, बोरं हे तार असेपर्यंत टाळावं. ब्रॅकेट निघालं की त्याची धार ओठाला लागते आणि परत तालुक्याची फेरी पडते. कणसाचे दाणे सोलून, नीट उकडून आणि पेरूच्या बारीक फोडी करून देता येतात.

कधी थांबू नये

• जखम दोन आठवड्यांत भरली नाही
• ओठ किंवा गाल सुजला, पू आला, ताप आला
• रक्त थांबत नाही
• मुलाला पाणीही पिता येत नाही
• ब्रॅकेट निघालं किंवा तार तुटली

अशा वेळी पुढच्या तारखेची वाट पाहू नये. ज्यांनी तार बसवली त्यांना आधी फोन करावा. मोबाइलवर उजेडात काढलेला स्पष्ट फोटो पाठवला तर लगेच यायला हवं की मेणावर भागेल, हे त्यांना सांगता येतं. एखादी फेरी वाचते. ओठ किंवा चेहरा झपाट्याने सुजून श्वासाला त्रास होत असेल तर मात्र फोटो-फोन करत बसू नये, १०८ ला फोन करून जवळच्या रुग्णालयात न्यावं. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं की त्यांनाही दात-ओठांचा त्रास सांगावा. ही तपासणी १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मोफत असते.

तार बसवण्याच्या दिवशीच डॉक्टरांकडून तीन गोष्टी मागून घ्याव्यात : मेणाची डबी, ते लावून दाखवणं आणि अडचणीत करायचा फोन नंबर. गावापासून दवाखाना लांब असला की या तीन गोष्टींवरच बरंच काही निभावतं.