पुरळ नसलेली खाज

किनवट तालुक्यात पैनगंगेच्या काठावर उनकेश्वर आहे. तिथल्या गरम कुंडांच्या पाण्याला गंधकाचा वास येतो. शरभंग ऋषींचा त्वचारोग या पाण्यानं बरा झाला, अशी आख्यायिका आहे. अंगाला खाज सुटली, चट्टे उठले की आजही माणसं श्रद्धेनं इथं आंघोळीला येतात. या श्रद्धेत तथ्याचा अंश आहे. खरजेच्या किड्यावर गंधकाचं मलम हा जुना उपाय आहे आणि गरोदर बाईला, तान्ह्या बाळालाही ते चालतं, म्हणून डॉक्टर अजूनही ते लिहून देतात. पण मलमातलं गंधक मोजून घातलेलं असतं. कढत पाण्यानं कातडी आणखी कोरडी पडते आणि खाज वाढते. शिवाय पहिल्या तीन महिन्यांत आईचं अंग फार तापणं बाळाच्या वाढीला घातक ठरू शकतं. तेव्हा गरोदर बाईनं दर्शन जरूर घ्यावं, कुंडात उतरू नये.

गरोदरपणात साधारण पाचातल्या एकीला कधी ना कधी खाज सुटते. पोट, मांड्या, छाती ताणली जाते, कातडी कोरडी पडते, अंग गरम राहतं, आणि नांदेडकडच्या उन्हाळ्यात वर घामोळ्यांची भर पडते. घरात याची उत्तरं तयार असतात. ‘उष्णता झाली.’ ‘बाळाला जावळ दाट येणार बघ.’ ‘खाजवू नको माय, पोटावर वळ उठतील.’ बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं, कारण बहुतेक खाज निरुपद्रवीच असते. कोमट पाण्याची आंघोळ, कमी साबण, अंग ओलसर असतानाच चोळलेलं खोबरेल, सैल सुती कपडे, फारच आग झाली तर कॅलामाइन लोशन, यानं पुष्कळ जणींचं निभावतं. माझी काळजी वेगळी आहे. सगळी खाज एकाच मापानं मोजली जाते आणि तिच्यातली एक धोक्याची खाज त्यात हरवून जाते.

ही खाज बहुधा सातव्या महिन्यानंतर सुरू होते. ती तळहातांना आणि तळपायांना जास्त असते, रात्री वाढते, झोप उडवते. अंगावर पुरळ नसतं. दिसतात ते फक्त नखांचे ओरखडे. दिसण्यासारखं काही नसल्यामुळे घरातही कुणी मनावर घेत नाही. मूळ कारण यकृतात असतं. गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे काही बायकांच्या यकृतातून पित्तरस आतड्यात नीट उतरत नाही, त्यातली आम्लं रक्तात साठतात आणि खाज सुटते. ब्रिटनमधल्या पाहणीत एकूण गरोदर बायकांमध्ये हे प्रमाण शंभरात एकीपेक्षा कमी, सुमारे ०.७ टक्के आढळलं. भारतीय आणि पाकिस्तानी वंशाच्या बायकांमध्ये मात्र १.२ ते १.५ टक्के. म्हणजे हा आजार आपल्याकडे दुर्मीळ म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

आईला यात त्रास होतो, पण धोका बाळाला असतो. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये अनेक देशांतल्या नोंदी एकत्र करून केलेला अभ्यास आला. रक्तातली पित्ताम्लं लिटरमागे १०० मायक्रोमोल किंवा त्याहून वर गेली, तर बाळ पोटातच दगावण्याचं प्रमाण ३.४४ टक्के होतं. ४० च्या आत राहिली तर ०.१३ टक्के. हा फरक वाचला की तपासणीसाठी वेगळं समजावून सांगावं लागत नाही. रक्त देऊन यकृताची तपासणी आणि पित्ताम्लांची पातळी, एवढंच करायचं असतं. औषध म्हणून अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात, पण २०१९ च्याच एका मोठ्या ब्रिटिश चाचणीत त्यांनी खाज अगदी थोडी कमी झाली. खरा उपाय म्हणजे लक्ष ठेवणं आणि बाळंतपण वेळेवर करणं. पातळी फार चढलेली असेल तर ३५-३६ व्या आठवड्यात, मध्यम असेल तर ३८-३९ व्या आठवड्यात प्रसूती करवण्याचा निर्णय डॉक्टर घेतात.

तांड्यावरून किंवा गोंड-कोलामांच्या पाड्यावरून निघालेल्या बाईला तपासणीचा हा रस्ता लांबचा आहे, हे मान्य. म्हणूनच पहिलं पाऊल आशाताईपाशी पडावं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. ‘रात्री तळहात-तळपाय खाजतात, पुरळ नाही’ हे वाक्य तिथं याच शब्दांत सांगावं. मात्र ९ तारखेची वाट पाहत बसू नये. किनवटजवळ गोकुंद्याला उपजिल्हा रुग्णालय आहे, पुढं नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि गरोदर बाईला नेण्यासाठी १०२ ची गाडी मोफत येते. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर त्याच दिवशी निघायचं. काविळीला जडीबुटी देणारा माणूस गावात असला तरी गरोदर बाईला त्याच्याकडे नेऊ नये. गरोदरपणातली कावीळ, विशेषतः दूषित पाण्यातून होणारी, जीव घेऊ शकते.

दिसणाऱ्या पुरळाची गोष्ट बहुधा सौम्य असते. पहिलटकरणीला, शेवटच्या महिन्यांत, पोटावरच्या वळांमधूनच लाल, खाजऱ्या पुळ्या उठतात आणि बेंबीभोवतालची जागा कोरी राहते. जुळी असतील तर हे जास्त आढळतं. दिसायला भीतीदायक, पण बाळाला काही होत नाही. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत सगळं मावळतं. याच्या उलट, बेंबीपाशीच सुरू होऊन ज्याचे पाणीदार फोड बनतात, ते पुरळ फार क्वचित होतं, पण त्याला त्वचारोगतज्ज्ञ लागतोच. अंगभर पाण्याचे फोड येऊन ताप असेल तर त्या कांजिण्या असू शकतात. ‘बाया आल्या’ म्हणून घरातच ठेवू नका. गरोदरपणात त्या फुफ्फुसापर्यंत जाऊ शकतात.

मेडिकलवरच्या ट्यूबबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. नायट्यावर सर्रास लावली जाणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमं दोन दिवस आराम देतात, मग नायटा पसरतो आणि कातडी पातळ होऊन पांढरे वळ कायमचे राहतात. २०१८ पासून अशा बऱ्याच मलमांना चिठ्ठी सक्तीची आहे. साध्या क्लोट्रिमॅझोलनं नायटा बहुधा जातो, गरोदरपणातही ते चालतं. पण त्यासाठी आठवडे लागतात आणि तेवढा धीर धरावा लागतो. खरूज असेल तर औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, नाहीतर ती फिरून येते.

बाळंतीण घरी आली की उलटा घोळ होतो. शेक, धुरी, कढत पाणी, कानाला स्कार्फ, सव्वा महिना बंद खोली. उन्हाळ्यात यानं आई आणि बाळ दोघांनाही घामोळ्या येतात. शेक-मालिश कमी करा, खिडकी उघडा. कापूर घातलेलं खोबरेल छातीला लावू नका, बाळाच्या तोंडात जातं. बाळुती धुऊन हात फुटत असतील तर ते काम महिनाभर घरातल्या पुरुषानं करावं.

पित्ताम्लांची खाज बाळंतपणानंतर काही दिवसांत थांबते, पण पुढच्या गरोदरपणात ती बहुतेकींना पुन्हा होते, आणि माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही उठू शकते. ज्या बाईला ती एकदा झाली, तिनं आपल्या माता-बाल संरक्षण कार्डावर ते सिस्टरकडून लिहून घ्यावं, आणि पुढच्या वेळी नाव नोंदवताना, किंवा गोळ्या सुरू करण्याआधी, ते कार्ड पुढं करावं.