पुढे कचेरी, मागे फलाट

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे फोटो काढायला जगभरातून माणसं येतात. रोज तिथे उतरणाऱ्या कर्जत-कसाऱ्याच्या चाकरमान्याने मात्र तो घुमट वर्षानुवर्षं नीट पाहिलेला नसतो. यात त्याची अरसिकता नाही, स्टेशनाची मांडणीच तशी आहे. लोकल थांबते, गर्दी हॉलमधून सबवेत उतरते आणि रस्त्यापलीकडे बाहेर पडते ती ऑफिसच्या घाईत. इमारत पाठीशी राहते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सकडे काम होतं ते ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं स्टेशन आणि मुख्य कचेरी एकत्र बांधण्याचं. दर्शनी मान मिळाला कचेरीला. गाड्या मागच्या अंगाला.

त्याआधी इथे बोरीबंदरचं साधंसं स्टेशन होतं. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास तिथून ठाण्याला पहिली गाडी सुटली. चौदा डबे, सुमारे ४०० निमंत्रित आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. अंतर २१ मैल. या रेल्वेसाठी झटलेल्यांत नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय ही नावं ठळक आहेत. पुढे रेल्वे घाट चढून देशावर गेली, बंदरावर कापसाचा व्यापार फुगला आणि ते जुनं स्टेशन अपुरं पडू लागलं.

नव्या इमारतीचं काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि १८८८ मध्ये संपलं. खर्च सोळा लाखांवर गेला. काम चालू असतानाच, १८८७ मध्ये, राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचं निमित्त साधून ‘व्हिक्टोरिया टर्मिनस’ हे नाव दिलं गेलं. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा आराखडा, दोन बाहूंमधलं अंगण रस्त्याकडे उघडं, मध्यावर अष्टकोनी घुमट. घुमटाच्या शिखरावर ‘प्रगती’ उभी आहे : उजव्या हातात मशाल, डाव्या हाताशी आऱ्यांचं चाक. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. दोघांचे खांब सारख्याच उंचीचे आहेत. कंपनीच्या कारभारात असली बरोबरी शोधूनही सापडली नसती.

मला स्वतःला घुमटापेक्षा खालचं कोरीवकाम आवडतं. मोर, माकडं, पानं-फुलं, छपराच्या कडेने पुढे झेपावलेले चित्रविचित्र प्राणी, आणि त्यातच कंपनीच्या बड्या धेंडांचे गोल चौकटींतले चेहरे. या कामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. साच्यातून काढल्यासारखे दोन तुकडे क्वचितच सापडतात. घड्याळाखाली राणीचा पुतळाही होता. स्वातंत्र्यानंतर तो हलवला गेला. ती कोनाड्याची जागा आजही रिकामी आहे.

उत्तरेकडच्या बाहूत तळमजल्यावर ‘स्टार चेंबर’ आहे. इटालियन संगमरवर आणि इथलाच निळसर पॉलिश केलेला दगड यांचे खांब, वर टोकदार कमानी, छताला सोनेरी तारे. आणि या सगळ्याच्या खाली काय, तर तिकीटखिडकी. सुट्ट्या पैशांवरून कुरबूर चाललेली असते, मागचा ‘चलो, जल्दी’ म्हणून ढोसत असतो. राजवाड्यात शोभावं अशा दालनात कल्याणचं रिटर्न तिकीट मिळतं, हे मला या स्टेशनाचं सर्वांत मोठं औदार्य वाटतं.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी इथून कुर्ल्याला, हार्बर मार्गाने, देशातली पहिली विजेवरची गाडी धावली. १९२९ च्या सुमारास लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी पूर्वेकडे विस्तार झाला आणि एका स्टेशनाची जणू दोन स्टेशनं झाली. आज फलाट १८ आहेत. पहिले सात लोकलचे, त्यातले एक-दोन हार्बरचे. आठपासून अठरापर्यंत मेल-एक्स्प्रेसचे. रूळ इथे संपतात, म्हणून आलेली लोकल तशीच उलटी निघते. या एका गोष्टीवर चाकरमान्यांचं आख्खं शास्त्र उभं आहे. संध्याकाळी मस्जिदला किंवा भायखळ्याला अप गाडी पकडून आधी व्हीटीला यायचं आणि बसल्या जागी परत जायचं. खिडकी मिळवण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही, फक्त पास व्हीटीपर्यंतचा हवा.

लोकलचा माणूस इथे थांबत नाही. लांब पल्ल्याचा थांबतो, बोचकी-बिछाने घेऊन तासन्‌तास. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेक्यांनी गोळीबार सुरू केला तो अशाच थांबलेल्या कुटुंबांवर. स्टेशनात ५८ जणांचा जीव गेला. लोकलच्या बाजूला निवेदकाने ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर जायला सांगत राहून कित्येकांना वाचवलं.

१९९६ मध्ये नाव बदललं, २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ आलं, मधे २००४ मध्ये युनेस्कोने वारसा यादीत घेतलं. या वारशामुळे इमारतीला हात लावणं अवघड झालं, ते बरंच झालं. पण गाड्या लांबत चालल्या आहेत. २४ डब्यांची गाडी मावावी म्हणून १० आणि ११ नंबरचे फलाट वाढवण्यासाठी जून २०२४ मध्ये ३६ तासांचा ब्लॉक घ्यावा लागला. पुनर्विकासाचं मोठं कामही हाती घेतलं आहे. त्यात मूळ इमारत उठून दिसावी, अशी चर्चा सतत ऐकू येते. माझं मागणं वेगळं आहे : मेलच्या हॉलमध्ये जमिनीवर पथारी टाकून बसलेल्या माणसाला आधी बाक द्या, पंखा द्या. घुमट दिसायला त्याची काही हरकत नाही.