गावाचा संघ म्हणजे कोण? – एका कबड्डी मंडळाचं वर्ष

मागच्या वेळी आपण ‘ओळख’ या शब्दावर बोललो. व्याख्यान संपल्यावर एक तरुण आमच्याजवळ आला आणि म्हणाला, “सर, हे सगळं ठीक आहे, पण आमच्या मंडळाचं काय करावं ते सांगा.” दिग्रस तालुक्यातल्या एका लहान गावात त्यांचं कबड्डीचं मंडळ आहे. बक्षिसाच्या स्पर्धेत बाहेरगावचे दोन-तीन खेळाडू आपल्या गावाच्या नावावर खेळवायचे की नाही, यावरून मंडळात दोन तट पडलेत. आज आपण त्याच प्रश्नाकडे जाऊ. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही. एक तर भांडण अजून मिटलेलं नाही, आणि दुसरं म्हणजे आपल्या भागातल्या कितीतरी गावांना हे आपलंच वर्णन वाटेल.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना खेळ माहीत आहे, पण ऑनलाइन ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. प्रत्येक बाजूला ७ खेळाडू. एक जण ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत, दम न तोडता, समोरच्या अंगणात चढाई करतो. त्याच्याजवळ ३० सेकंद असतात. कोणाला शिवून परत आला तर शिवलेला बाद, पकडला गेला तर तो स्वतः बाद. सगळा संघ बाद झाला की लोण चढला म्हणतात, आणि त्याचे २ गुण जास्तीचे मिळतात. पण आपल्या कामाचा नियम वेगळाच आहे. बाद झालेला खेळाडू घरी जात नाही. तो मैदानाच्या बाजूला बसतो. त्याच्या संघानं समोरचा एक गडी बाद केला की इकडचा एक जण जिवंत होतो आणि परत आत येतो. ज्या क्रमानं बाद झाले, त्याच क्रमानं जिवंत होतात.

आम्ही लहानपणी याला हुतुतू म्हणायचो. तेव्हाच्या जुन्या मंडळींकडून खेळाचे तीन प्रकार ऐकलेले आहेत, आणि खेळाच्या इतिहासातही ते नोंदलेले आहेत: अमर, गामिनी आणि संजीवनी. अमर प्रकारात कोणी बाहेर जातच नसे. शिवलं गेलं तरी खेळाडू आतच राहायचा, फक्त समोरच्याला गुण मिळायचा. गामिनीत उलट. एकदा बाद झाला की सगळा संघ बाद होईपर्यंत तो बाहेरच. आणि संजीवनीत, एक मेला तर दुसऱ्याच्या कर्तबगारीवर परत उठायचा. पुढे विसाव्या शतकात नियम बांधले गेले. १९२३ साली बडोद्याच्या स्पर्धेच्या निमित्तानं नियम छापले गेले, १९३६ साली आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, १९५० साली अखिल भारतीय महासंघ झाला. आज आपण जी कबड्डी पाहतो ती या तिघांपैकी संजीवनीला सगळ्यात जवळची आहे.

हे तीन शब्द लक्षात ठेवा, आपल्याला त्यांची गरज पडणार आहे. आता या मंडळाचं वर्ष पाहू.

मंडळाचं वर्ष कॅलेंडरवर चालत नाही, शेतावर चालतं. जून-जुलैत मैदान नसतंच. आपली काळी माती पावसात पायाला पाच किलो चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर कबड्डी होत नाही. मुरूम आणि चाळलेली माती टाकून, पाणी मारून, दाबून मैदान करावं लागतं, आणि दर पावसाळ्यात त्यातलं अर्धं वाहून जातं. शिवाय पेरणी, डवरणी, निंदण. १५ जुलैला, बुवा साळवींच्या जयंतीला, महाराष्ट्रात कबड्डी दिन साजरा होतो. त्या दिवशी या गावातली पोरं समाजमंदिरात फोटोला हार घालतात आणि पाऊस पाहत बसतात. पाऊस ओसरला की शाळांच्या स्पर्धा सुरू होतात, त्यात मंडळाची लहान पोरं खेळून येतात. मोठ्यांचा सराव सोयाबीनची सोंगणी झाल्यावर.

दिवाळीला गाव भरतं. पुण्याच्या कंपनीतले, नागपूरला भरतीची तयारी करणारे, सगळे येतात. मंडळाचा खरा संघ वर्षात त्या आठ-दहा दिवसांतच एका जागी दिसतो. मग ते परत जातात आणि कापसाचे वेचे सुरू होतात.

खरा हंगाम संक्रांतीच्या आगंमागं लागतो. २६ जानेवारी, शिवजयंती, रामनवमी, हनुमान जयंती, गावोगावी खुले सामने. कुठे वजनगटाचे, कुठे खुल्या गटाचे. रात्री हॅलोजनच्या उजेडात, फक्कीच्या रेषा मारून, पहाटेपर्यंत. लाउडस्पीकरवर बक्षीस देणाऱ्यांची नावं सारखी सांगितली जातात. हे मंडळ मागच्या हंगामात दारव्हा, आर्णी, पुसद, मानोऱ्याकडं मिळून नऊ ठिकाणी गेलं. सहा ठिकाणी पहिल्याच सामन्यात बाहेर. प्रवेश फी, गाडीचं डिझेल, रात्रीचं जेवण हे सगळं वर्गणीतून. या सगळ्याच्या वर संघटनेची वेगळी शिडी असते: जिल्ह्याची निवड, मग विदर्भाची. राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापेक्षा वेगळा उतरतो, हे आपल्याकडच्या पोरांना आशेचं वाटतं. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, तेही डोक्यात असतं. आणि २०१४ पासून टीव्हीवर प्रो कबड्डी आली, तिथं तर लिलाव होतो. पण ते सामने मॅटवर होतात, बूट घालून. मातीवर अनवाणी शिकलेलं पोरगं मॅटवर पहिल्यांदा उतरलं की त्याचं पाऊल चुकतं. म्हणजे शिडीची पहिली पायरीच जरा उंच आहे.

तर नऊपैकी सहा ठिकाणी पहिल्याच सामन्यात हरल्यावर एका गटानं म्हटलं, आता बाहेरचे पोट्टे आणू. दुसऱ्या जिल्ह्यातले दोन चढाईपटू ठरावीक रकमेवर आणले. त्या स्पर्धेत तिसरं बक्षीस आलं. गावात फटाके वाजले. पण दोन गडी आले म्हणजे गावातले दोन गडी बसले. त्यातल्या एकानं, जो वर्षभर मैदानावर पाणी मारायचा, मंडळात येणं सोडलं. मंडळातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, “नाव गावाचं, पाय लोकाईचे, मंग गाव कुठी खेळलं?” त्याला उत्तर मिळालं, “बाबा, तुमच्या पायानं हरलो तेव्हा पाह्यले कोण आलं होतं?”

आता आपण दोन्ही बाजू न्यायानं ऐकू. पैसे घेऊन खेळणारा पोरगा चोरी करत नाही. तो कुणा मजुराचा मुलगा असेल, त्याच्या खेळाला तेवढाच मोबदला आहे. स्पर्धा खुली आहे, नियम त्याला अडवत नाही. आणि जिंकण्याची इच्छा हीसुद्धा गावाचीच इच्छा आहे. दुसरी बाजू म्हणते, जे जिंकलं ते गाव नव्हेच. तत्त्वज्ञानात हा जुना प्रश्न आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन राजाला रथाबद्दल विचारतो: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? कुठलाही एक भाग रथ नाही. मग रथ म्हणजे काय? भागांना एकत्र धरून चालणाऱ्या व्यवहाराला दिलेलं नाव. आमचं म्हणणं एवढंच, की संघाच्या बाबतीत तो व्यवहार ४० मिनिटांचा धरायचा की वर्षाचा, यावर उत्तर अवलंबून आहे. ४० मिनिटांचा धरला तर कोणतेही ७ जण चालतील. वर्षाचा धरला तर मैदानाला पाणी मारणाराही संघात आहे, आणि तोच बाहेर गेला तर चाक निखळलंच.

इथे एक दूरचं उदाहरण देतो. आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉल नावाचा देशी खेळ आहे, १५-१५ गड्यांचा. १८८४ साली थर्ल्स नावाच्या गावी त्याची संघटना स्थापन झाली, इंग्रजांच्या अमलात आपले खेळ टिकवायला. तिचे क्लब बहुतेक एकेका पॅरिशचे आहेत, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावांचे. आणि तिथली रीत अशी, की तुम्ही जिथले, तिथूनच खेळायचं. क्लब बदलणं सोपं नाही, आणि खेळायचे पैसे मिळत नाहीत. अगदी ज्यांचा सामना डब्लिनच्या क्रोक पार्कवर प्रचंड गर्दीपुढं होतो त्यांनाही नाहीत. ते सोमवारी शाळेत शिकवायला किंवा बँकेत कामाला जातात. तिथल्या लहान गावातूनही पोरं शहरात गेलेली आहेत. पण कितीतरी जण डब्लिनला नोकरी करतात आणि सुटीच्या दिवशी गाडी हाकत गावी येऊन गावाकडून खेळतात. ज्यांना ७ काय, १५ गडीही जमत नाहीत, ते शेजारच्या क्लबशी मिळून एक संघ करतात. भाड्यानं गडी आणत नाहीत, शेजाऱ्याला हाक मारतात. हे आम्हाला फार विचार करण्यासारखं वाटतं.

पण त्यांचा नियम जसाच्या तसा इथं आणता येत नाही, आणि त्याचं कारण आहे मुली. या मंडळात मुलींचाही संघ होता. चांगला होता. तीन वर्षांत पाच जणींची लग्नं झाली आणि संघ मोडला. ‘जिथले तिथून खेळा’ म्हणायचं, तर त्या मुली कुठल्या? माहेरच्या की सासरच्या? माहेरी म्हणतात ती आता तिकडची, सासरी म्हणतात सून मैदानात कशी जाईल. मुलांसाठी जो गावाचा अभिमान आहे, तोच मुलींसाठी गावाबाहेरची रेषा होतो. म्हणून नुसतं ‘मातीचा माणूस’ एवढ्यावर संघ बांधला, तर अर्धं गाव आपण आधीच बाद केलेलं असतं.

आता त्या तीन शब्दांकडे परत येऊ. पैसे देऊन गडी आणणारं मंडळ अमर खेळतंय. त्याचा कोणी मरतच नाही, कारण एक गेला की दुसरा विकत येतो. पण ज्याला मरण नाही त्याची वाटही कोणी पाहत नाही. गेलेल्यांना नावं ठेवणारं, पुण्याला गेला तो संपला, सासरी गेली ती संपली म्हणणारं मंडळ गामिनी खेळतंय. त्याच्याकडं शेवटी एकटाच गडी उरतो आणि तोही किती वेळ दम धरणार? संजीवनी या दोहोंच्या मधली नाही, वेगळीच आहे. तिच्यात दोन गोष्टी लागतात. बाद झालेल्यानं बाजूला बसून राहायचं, म्हणजे आपण अजून या संघाचे आहोत हे सोडायचं नाही. आणि आत असलेल्यानं गुण आणायचा, म्हणजे त्याला परत यायला जागा करायची. स्वतःच्या जोरावर कोणी जिवंत होत नाही. आणि क्रम मोडून मधूनच एखाद्याला आत घेता येत नाही.

व्यवहारात याचा अर्थ काय? त्या तरुणाला आम्ही तीन गोष्टी सुचवल्या. पहिली, एक नोंदवही ठेवा. कोण खेळलं, कोणी पाणी मारलं, कोणी गाडी दिली, कोण गावाबाहेर गेलं, कोणाचं लग्न होऊन कुठल्या गावी गेली, सगळं. ज्याचं नाव लिहिलेलं आहे तो बाजूला बसलेला आहे. ज्याचं नाव पुसलं तो खरा बाद. दुसरी, गडी कमी पडले तर आधी शेजारच्या गावाला विचारा, मग पैशाला. तिसरी, दिवाळीच्या त्या आठ-दहा दिवसांत एक स्पर्धा स्वतःची घ्या, बक्षीस लहान ठेवा, आणि त्यात माहेरी आलेल्या मुलींचा सामना ठेवा.

तो म्हणाला, “सर, यानं आम्ही जिंकू काय?” आम्ही खरं तेच सांगितलं: बहुतेक नाही. मातीवरचे ७ जण, अर्धे कापसात, अर्धे भरतीच्या तयारीत, ते पैसे देणाऱ्या संघाला हरवतील हे आम्ही कोणत्या तोंडानं म्हणावं? बाहेरचे गडी बंद करा असंही आम्ही म्हटलं नाही. तो निर्णय मंडळाचा आहे, आणि गेल्या रविवारी झालेल्या बैठकीत तो झाला नाही असं कळलं. वादावादी झाली, चहा झाला, पुढची तारीख ठरली.

पण एक झालं. वही घेतली. पहिल्या पानावर कोणाचं नाव लिहायचं यावरही थोडी ओढाताण झाली म्हणे. शेवटी मैदानाला पाणी मारणाऱ्या त्या पोराचं लिहिलं आणि दोघं जण त्याला बोलवायला त्याच्या घरी गेले. तो आला की नाही ते आम्हाला अजून कळलेलं नाही. पुढच्या वेळी कळलं तर सांगू. आज इथं थांबतो.