बोटीचा ट्रेलर बनवून घेताय? आधी कागद, मग वेल्डिंग



किनाऱ्यावर सेलिंगचा छोटा व्यवसाय करायचा, तर बोट घेतली की काम संपत नाही. पावसाळ्यात ती हलवायची, सीझनमध्ये एका बीचवरून दुसऱ्या बीचवर न्यायची. म्हणजे ट्रेलर हवाच. पण फॅब्रिकेटरला लोखंड कळतं, तुमची बोट कळतेच असं नाही. माहिती दिली नाहीत तर तो अंदाजाने बनवणार आणि पैसे तुमचे जाणार.

उदाहरणाला होबी 16 घेऊ. ही दोन तळांची शिडाची बोट. लांबी 5.05 मीटर, रुंदी 2.41 मीटर, वजन साधारण 145 किलो. ऑर्डरच्या कागदावर हे मुद्दे हवेतच:

लांबी: हिची डोलकाठी साधारण 8 मीटरची, म्हणजे बोटीपेक्षा 3 मीटर जास्त! माल मर्यादेबाहेर आला तर मोटार वाहन कायद्यात 20,000 रुपये दंड आहे. म्हणून पुढचा ड्रॉबार लांब घ्या आणि त्यावर डोलकाठी टेकवायला खांब द्या.

वजन: बोट 145, सामान 30, ट्रेलर 200 धरला तर एकूण 375 किलो. त्यातले 5 ते 10 टक्के, म्हणजे 19 ते 37 किलो वजन गाडीच्या हुकवर यायला हवं. कमी आलं तर वेगात ट्रेलर मागे डोलायला लागतो आणि गाडी हातातून जाऊ शकते. अ‍ॅक्सल कुठे बसवायचा हे यावरून ठरतं.

पाटे: टेम्पोचे जाड पाटे "मजबूत" म्हणून लावू देऊ नका. हलक्या बोटीखाली ते दबतच नाहीत, प्रत्येक खड्ड्याचा दणका बोटीला बसतो.

आधार: दोन्ही तळांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यांच्या खालीच आधार द्या. मधल्या पोकळ भागावर भार आला की फायबर हळूहळू मऊ पडतं.

गंज: खाऱ्या पाण्यात नुसता रंग टिकत नाही. हॉट डिप गॅल्व्हनायझिंग करा. सगळं वेल्डिंग आणि ड्रिलिंग त्याआधी संपवा, कारण नंतर वेल्डिंग केलं की तिथला जस्ताचा थर जळतो. बंद पाइपला भोकं ठेवा, नाहीतर वितळलेल्या जस्तात पाइप फुटू शकतो.

कागदपत्रं: कायद्याच्या व्याख्येत ट्रेलरसुद्धा मोटार वाहनच आहे. त्यामुळे लोखंड कापण्याआधी मंजुरी आणि नोंदणीबद्दल आरटीओत विचारा.

आता पैशाचं. तीन हप्ते ठरवा. पहिला ड्रॉइंगवर दोघांच्या सह्या झाल्यावर. दुसरा गॅल्व्हनायझिंगच्या आधी, पण बोट आणि डोलकाठी प्रत्यक्ष ट्रेलरवर ठेवून बघितल्यावरच. या टप्प्यावर चूक सापडली तर थोडं कापून पुन्हा जोडता येतं. जस्त चढल्यावर तीच दुरुस्ती महागात पडते. शेवटचा हप्ता बोटीसकट रस्त्यावर ट्रायल झाल्यावर.

आणि रोजची एक सवय. लांबून आल्यावर ट्रेलर लगेच पाण्यात घालू नका. गरम बेअरिंग एकदम थंड झालं की खारं पाणी आत ओढून घेतं. आधी हात लावून बघा, गार झालं की मगच उतरवा.

तुमच्या बोटीची मापं आजच एका कागदावर लिहा. कोटेशन त्यानंतर मागा!