अभयारण्यातला शनिवार

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून मृगाचा पाऊस जोर धरेपर्यंत, एवढाच काय तो काजव्यांचा हंगाम. त्या दिवसांतल्या शनिवारी संध्याकाळी घोटीहून बारीमार्गे भंडारदऱ्याला जाणारा रस्ता मुंबई, नाशिक आणि पुण्याच्या गाड्यांनी भरून जातो. शेंडी आणि मुतखेल इथे वन विभागाचे नाके लागतात. माणशी आणि गाडीमागे पैसे भरायचे, पावती काचेपाशी ठेवायची आणि निघायचे. बहुतेकांना ती टोलची पावती वाटते. प्रत्यक्षात ती एका अभयारण्यात शिरण्याची परवानगी असते, आणि तिच्यामागे एक कायदा उभा असतो.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले. क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे राज्यातले सर्वांत उंच शिखर, रतनगड, साम्रदची सांदण दरी, हरिश्चंद्रगड आणि त्याचा कोकणकडा हे सारे याच परिसरात येते. महाराष्ट्रातला ट्रेकर ज्या नावांवर वाढतो, त्यातली निम्मी नावे इथली. 'गडावर चाललोय' असे म्हणताना आपण अभयारण्यात चाललो आहोत हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात असते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यातले २७वे कलम अभयारण्यातल्या प्रवेशाबद्दल आहे. कामावरचे सरकारी नोकर, परवानाधारक, आत जमीनजुमल्याचा हक्क असलेले लोक, त्यांच्यावर अवलंबून असणारे आणि सार्वजनिक रस्त्याने जाणारे प्रवासी, एवढ्यांनाच आत मुभा आहे. पर्यटन हे परवाना देण्याचे एक कारण २८व्या कलमात नोंदलेले आहे, म्हणजे पर्यटकाला तिथे जाता येते ते परवानगीने, हक्काने नव्हे. २७व्याच कलमात पुढे म्हटले आहे की अभयारण्यात कुणी वन्यप्राण्याला त्रास देऊ नये आणि कचरा टाकू नये. ३०वे कलम जंगलाला धोका होईल अशी आग पेटवायला किंवा जळती सोडून जायला मनाई करते. रतनगडाच्या पायथ्याला चिप्सचे रिकामे पाकीट भिरकावणे हा नुसता गलिच्छपणा नाही, कायद्याचा भंग आहे.

हा कायदा गावकऱ्याला कसा लागू होतो तेही पाहायला हवे. इथल्या वाड्या-पाड्यांत प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती. पावसावरचे भात, थोडी नागली-वरई, आणि उन्हाळ्यात जंगलातला हिरडा. १४ फेब्रुवारी २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांतून वाळलेली, पडलेली झाडे आणि गवतसुद्धा हलवायला मनाई केली. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा हक्क मान्य केला खरा, पण तो कागदावर मिळवायला गावांना वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले. ज्या जंगलात गावच्या बाईने सरपणाची मोळी डोक्यावर घेतली की तिला वनरक्षकाची धास्ती वाटायची, त्याच जंगलाच्या कडेला शनिवारी रात्री तंबूंपुढे शेकोट्या पेटतात. ती लाकडे कुठून आली हे कुणी विचारत नाही. मला यातली सर्वांत बोचणारी गोष्ट हीच वाटते.

यात जमिनीचा गुंताही आहे. भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या काठची पट्टी पाटबंधारे खात्याची, तंबू लागतात त्यातली कित्येक खाचरे गावकऱ्यांच्या मालकीची, वरचा डोंगर वन विभागाचा आणि गडांवरच्या वास्तूंचा काही भाग पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत. मालकीच्या शेतात तंबू लावायला वन विभाग सहसा हरकत घेऊ शकत नाही. पण शेताच्या बांधावरून निघालेला स्पीकरचा आवाज आणि हॅलोजनचा झोत बांधापाशी थांबत नाही.

आणि काजव्यांच्या बाबतीत सगळे प्रकरण उजेडावरच येऊन ठेपते. काजव्याचे बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात, ओलसर पालापाचोळ्यात आणि मातीत जाते. तिथे ती गोगलगायींवर जगते. पंख फुटलेला काजवा जेमतेम दोन-तीन आठवडे जगतो, आणि तेवढ्यात जोडीदार शोधून पुढची पिढी मागे ठेवायची असते. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर जो हिरवट-पिवळा लखलखाट दिसतो, तो बहुतांशी नरांचा असतो. ठरावीक तालात नर चमकतो. मादी खाली गवतात किंवा पानाआड बसून ती खूण पाहते आणि आपल्या मंद उजेडाने उत्तर देते. ते उत्तर नराला दिसले तरच पुढचे सारे घडते. अशा वेळी वळणावरून गाडीचा दिवा झाडावर पडला की अख्ख्या फांद्या विझल्यासारख्या होतात. गाडी गेल्यावर थोड्या वेळाने चमकणे पुन्हा सुरू होते, तोवर मागची गाडी आलेली असते. गाडीतली माणसे उतरून झाडाखाली जातात तेव्हा त्यांच्या पायाखाली नेमके ते गवत येते, जिथे मादी बसलेली असते. पालापाचोळा तुडवला गेला की पुढच्या वर्षीच्या अळ्यांची जागाही जाते. कृत्रिम उजेडात काजव्यांचे मीलन घटते, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसून आले आहे.

इथे समाजमाध्यमांवरच्या छायाचित्रांबद्दलही बोलले पाहिजे. सोन्याचा सडा पडल्यासारखी जी चित्रे दिसतात, ती अनेकदा दीर्घ वेळ उघड्या ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या कितीतरी चौकटी एकावर एक रचून तयार केलेली असतात. डोळ्यांना तसे कधीच दिसत नाही. ते पाहून आलेला माणूस खट्टू होतो आणि झाडाजवळ, आणखी जवळ जाऊ लागतो. मोबाइलने टिपायला बघतो, फ्लॅश उडवतो. खरे तर अंधारात वीस मिनिटे गप्प उभे राहिले की डोळे सरावतात आणि मग जे दिसते ते कुठल्याही चित्रापेक्षा मोठे असते.

आपल्याकडे या गर्दीवरचा ठरलेला उपाय म्हणजे बंदी. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर ठिकठिकाणी मनाईहुकूम निघाले. दरवर्षी पावसाळ्यात असे हुकूम निघतात, पोलीस उभे राहतात आणि पावसाबरोबर हुकूमही ओसरतात. जीव वाचवायला बंदी लागते, याबद्दल वाद नाही. पण बंदीतून लोकांना डोंगरात वागायचे कसे हे कळत नाही, आणि त्या गावचा वाटाड्या, खानावळवाली, घरात पाहुणे ठेवणारा यांची मात्र कमाई एका रात्रीत बुडते.

नियम सातत्याने पाळला गेला तर काय होते ते वासोट्याला दिसते. हा किल्ला कोयना अभयारण्यात आहे. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. किल्ल्याचे दुसरे नाव व्याघ्रगड, हा योग फार छान जुळला आहे. बामणोलीला वन विभागाची परवानगी घ्यायची, शिवसागर जलाशय लाँचने ओलांडायचा, पलीकडे मेट इंदवलीला नाव नोंदवायचे. पिशव्या तपासतात आणि प्लॅस्टिकच्या वस्तू मोजून नोंदवतात, परतताना तेवढ्या दाखवाव्या लागतात. मुक्काम नाही. संध्याकाळच्या आत लाँच परत. पावसाळ्यात वाट बंद. ट्रेकर कुरकुरत नाहीत, कारण नियम आधीच ठाऊक असतो आणि तो आज एक, उद्या दुसरा असा बदलत नाही.

कास पठाराची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे जागतिक वारसा यादीत घेतली. त्यात महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. कातळावरच्या बोटभर मातीत फुलणारी तिथली फुलझाडे पायाखाली किती लवकर संपतात हे लक्षात आल्यावर आसपासच्या गावांच्या वन व्यवस्थापन समित्यांनी वन विभागाबरोबर कारभार हाती घेतला. हंगामात दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा आणि आगाऊ नोंदणी आली. पण पठाराला कुंपणही घातले गेले. गुरांचे चरणे थांबले, उंच गवत माजले आणि फुलांची जागा घटू लागली, अशी तक्रार गावकरी आणि अभ्यासक दोघेही करू लागले. शेवटी कुंपण काढावे लागले. माणसांची संख्या आवरणे बरोबर होते, गुराख्याला बाहेर ठेवणे चुकीचे होते. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या वावरणारा माणूस आणि शनिवारी आलेला माणूस यांना एकाच तराजूत तोलले की असेच होते.

भंडारदऱ्याच्या बाबतीत हाच फरक ओळखण्याची वेळ आली आहे, आणि त्यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. २०२२च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात अशी तरतूद आली की अनुसूचित क्षेत्रातल्या किंवा वनहक्क कायदा लागू असलेल्या अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा संबंधित ग्रामसभेशी सल्लामसलत करून तयार व्हावा. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. वनहक्क कायदा सामुदायिक वनाचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेला देतो, आणि त्याच्या व्याख्येत अभयारण्यातली वनजमीनही येते. शिवाय २७वे कलम अभयारण्यात राहणाऱ्यावर वणवा विझवण्याची आणि गुन्हा रोखायला मदत करण्याची जबाबदारी आधीपासूनच टाकते. जबाबदारी गावाची असेल तर नाक्यावरच्या पैशात आणि नियम ठरवण्यातही गावाचा वाटा हवा.

काजव्यांच्या हंगामात रात्री ठरावीक वेळेनंतर नाके बंद करणे, आवाजावर आणि दिव्यांवर बंधने घालणे असे प्रयत्न वन विभाग करतो. त्यांची दिशा योग्य आहे, पण मूठभर वनरक्षकांनी एवढा परिसर राखणे शक्य नाही. कासप्रमाणे दिवसाला गाड्यांची संख्या ठरावी आणि नोंदणी आधी व्हावी. गाड्या शेंडीतच थांबवून पुढे गावातल्या वाहनांनी आणि गावातल्या वाटाड्याबरोबर लोकांना न्यावे. काही झाडे आणि काही वाटा हंगामभर पूर्ण अंधारात राहाव्यात. हे सारे येत्या मे महिन्याआधी ग्रामसभांत बसून ठरले पाहिजे, आदल्या शुक्रवारी निघालेल्या परिपत्रकाने नव्हे.

वाचकहो, तुम्ही काजवे पाहायला जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा. गावातल्या घरात उतरा आणि वाटाड्याला त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. गाडी गावातच ठेवा, बॅटरीला लाल कागद लावा, वाट सोडून गवतात पाय टाकू नका. शेकोटी मागू नका, आयोजकाने पेटवली तर नको म्हणा. आणि जंगलात कुठे आग किंवा कुणी प्राण्यांना त्रास देताना दिसले, तर वन विभागाच्या 'हॅलो फॉरेस्ट' हेल्पलाइनवर कळवा. क्रमांक आहे १९२६.